शांत मनाची किल्ली

"ओळख पटली नाही. कृपया शांत व्हा आणि पुन्हा प्रयत्न करा."

भिंतीवरच्या पडद्यावर पुन्हा तीच ओळ उमटली, तशी शैलजा बारटक्केने हातातला तांब्या जमिनीवर आपटला. "मेल्या, नवरा जातोय माझा! शांत कशी होऊ?"

चिपळूणच्या त्या घरात कोचावर दिगंबर धापा टाकत होता. त्याच्या छातीत यांत्रिक हृदय होतं. ते किती वेगाने चालावं, हे दूरच्या एका सर्व्हरवरच्या माहितीसाठ्यात नोंदलेलं असे. सकाळी कंपनीने सर्व्हरची दुरुस्ती काढली. त्यात दिगंबरचा आकडा पुसला गेला आणि हृदय किमान वेगावर आलं. तो आकडा पुन्हा भरला की भागणार होतं. पण तिथवर जायची वाट एकच, आणि त्या वाटेला कुलूप.

पासवर्डचा जमाना कधीच संपला होता. चोरांनी रुग्णांची हृदयं ओलीस धरायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनीच आरडाओरडा केला आणि 'मनमुद्रा' आली. कपाळाला पट्टी लावायची. मेंदूतल्या लहरींचा जो ठसा उमटतो, तीच किल्ली. ती ना डॉक्टरांकडे, ना कंपनीकडे, फक्त घरच्या एका माणसाकडे. रुग्णवाहिका निघाली होती, पण येऊन ती तरी काय करणार?

मनमुद्रा शोधणारे डॉ. अभिराम सोवनी फोनवर होते. "बाई, संतापलेल्या मनाच्या लहरी बदलतात. कुणी गळ्याला सुरी लावून तुमच्याकडून कुलूप उघडून घेऊ नये, म्हणून मुद्दामच तसं केलंय. ठसा देताना होतं तसं मन हवं."

"ठसा द्यायला मी फोटो काढायला जावं तशी गेले होते हो! न्हाऊन, जप करून, नवी साडी नेसून. डोळे मिटून देवापुढे बसावं तशी बसले. ती बाई मी नव्हेच! मी रोज ओरडते. भाजीवाल्यावर, ह्यांच्यावर, सगळ्यांवर!"

"दीर्घ श्वास घ्या."

"तुम्ही घ्या! घराला आग लागल्यावर जे दार उघडत नाही, ते केलंत कुणासाठी?"

"आजवर एकही चोरी झालेली नाही," सोवनी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. चोर बाहेर राहिले होते आणि घरचेही. शहाण्यांच्या शहाणपणाला कुणी बोल लावायचा?

शैलजाने रामरक्षा सुरू केली. दुसऱ्याच ओळीला तिचे दात आवळले गेले. पडदा लाल.

"शैला, ओरडू नको गं," दिगंबर पुटपुटला. तिने त्याचा हात धरला. थोड्या वेळाने तो हात सैल पडला.

ती ओरडली नाही. ओरडायचं आता कुणासाठी? ती नुसती बसून राहिली, कपाळावरची पट्टी तशीच.

पडदा हिरवा झाला आणि मोठ्याने बोलला. "ओळख पटली. स्वागत, शैलजा. दिगंबर यांच्या हृदयाचा वेग किती ठेवायचा?"

फोनवर ते ऐकून सोवनींचा जीव भांड्यात पडला. "बघा! शांत झालात, तसं उघडलंच की नाही?"