मागच्या रविवारचा डेक

दर रविवारी सकाळी दहाला खेळायच्या कार्डांच्या दुकानात स्पर्धा असते. दुकान एका स्टेशनरीवाल्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर आहे. सहा घडीची टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, काचेच्या कपाटात महागडी कार्डं. कार्डं उडतात म्हणून पंखा लावत नाहीत, त्यामुळे दुपारपर्यंत तिथे घामाचा आणि नव्या प्लॅस्टिकचा एकत्र वास साचतो. येणारी मंडळी बघण्यासारखी असतात. एक दंतवैद्य आहे, तो हरला की पत्ते नीट पिसले गेले नाहीत म्हणतो. नाचता येईना, अंगण वाकडं. दुसरा एक जण वाईट कार्ड आलं की उसासा टाकतो. त्याचं नाव मी उसासे ठेवलंय. बाकीच्यांवर मी तेवढीही मेहनत घेतलेली नाही.

मी वजनकाटे तपासतो. पितळी वजनांची पेटी घेऊन कारखान्यांत, दवाखान्यांत जातो, हातमोजे घालून वजनं ठेवतो, आणि काटा खोटा निघाला की तसं लिहून मोकळा होतो. नशीब, अंदाज, 'मला आतून वाटलं' असल्या गोष्टी मी ऐकूनही घेत नाही. माणसांचा हलकेपणा ओळखायला तर मला काटाही लागत नाही.

तीन महिने खपून मी नवा डेक बांधला होता. स्वतः निवडलेल्या साठ कार्डांचा, आणि त्याचा कणा म्हणजे 'दलदल' नावाची चार कार्डं. एक दलदल पडली की समोरच्याची निम्मी कार्डं अडकतात. दोन पडल्या की तो नुसता बसून माझा खेळ बघतो. ह्या डेकबद्दल मी कुणाशी चकार शब्द काढला नव्हता. कुणाला त्याची कल्पना नसणं हेच त्याचं अर्धं बळ होतं.

जिंकायचं एक कारण होतं, तेही सांगून टाकतो. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. वर्षापूर्वीपर्यंत ती रोज संध्याकाळी माझ्याशी खेळायची. मग एकदा तिने स्वतःचा डेक बांधला, सगळा गोंडस प्राण्यांचा, आणि मी तो बघून हसलो. घरी माणसं आलेली असताना हसलो. त्या दिवसापासून तिने माझ्यासमोर डाव मांडलेला नाही. मला ते लागलं, अजून लागतं. ही हंगामातली शेवटची स्पर्धा होती आणि जिंकणाऱ्याला चषक होता. तो घेऊन घरी गेलो तर ती निदान विचारेल, बाबा, कसा जिंकलास?

खेळाआधी प्रत्येकाने आपल्या साठ कार्डांची यादी हाताने लिहून ताईंकडे द्यायची असते. ताई दुकानाच्या मालकीण आणि पंचही त्याच. अंतिम फेरीत त्या डेक मागून घेतात आणि यादीशी ताडून बघतात. एक कार्ड इकडचं तिकडे झालं तरी डाव बाद.

माझी यादी घेताना त्या म्हणाल्या, "कशाला परत लिहीत बसलात? मागच्या रविवारची आहे की माझ्याकडे."

"मागच्या रविवारी मी आलो नव्हतो."

त्या हसल्या. चार वर्षांत ताई माझ्याकडे बघून कधी हसल्या नव्हत्या. "काय चेष्टा करता!" म्हणाल्या आणि पुढच्याची यादी घेतली.

मागच्या रविवारी मी सत्तर किलोमीटरवर एका सिमेंटच्या कारखान्यात ट्रकचा काटा तपासत होतो. संध्याकाळी सहापर्यंत. तिथल्या वहीत माझी सही आहे. ताईंच्या कागदांचा काहीतरी घोळ झाला असणार. उजेड पाडण्यासारखं डोकं त्या दुकानात कुणाचंच नाही.

पहिल्या फेरीत दंतवैद्य आला. पिसलेला डेक समोरच्यापुढे ठेवायचा आणि त्याने तो कापायचा, अशी रीत आहे. कापायचा नसेल तर वर दोन बोटं टेकवायची; म्हणजे माझा विश्वास आहे. मी नेहमी बोटंच टेकवतो, पण विश्वासाने नाही. तू कसाही पीस, हरणार तूच, एवढंच मला सांगायचं असतं, आणि ते सगळ्यांना बरोबर कळतं.

मी बोटं टेकवली. दंतवैद्याचा चेहरा उतरला.

"आज परत तसंच?"

"तसंच म्हणजे?"

"मागच्या खेपेला 'कापू का?' म्हणून विचारलंत. मी घरी बायकोला सांगितलं, म्हटलं, माणूस बदलला."

मी माझी कार्डं उचलली. पहिली दलदल टाकली तेव्हा तो दचकेल असं वाटलं होतं. तो दचकला नाही. "हां, दलदल," म्हणाला आणि दुसरी पडायच्या आत दोन चांगली कार्डं हाताशी राखून ठेवली. जिंकलो मीच, पण तीन महिन्यांची चोरून केलेली मेहनत त्याला आधीच ठाऊक होती.

दुसऱ्या फेरीत उसासे. त्याने उसासा टाकलाच नाही. दलदलीतून सुटायची एक वाट आहे, ती फक्त मला माहीत होती. त्याने नेमकी तीच धरली आणि वर माझ्याकडे कौतुकाच्या आशेने बघितलं.

"तुम्ही शिकवलं तसंच केलं ना?"

त्याने खिशातून कागद काढून दाखवला. वाट पायरीपायरीने समजावून लिहिली होती. अक्षर माझं होतं. एक आणि सात ह्यांची गल्लत होऊ नये म्हणून मी इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ मारतो, तीही होती. खाली लिहिलं होतं, 'घाई करू नका, तुम्ही चांगलं खेळता.'

असलं वाक्य मी जन्मात कुणाला लिहिलेलं नाही.

ती फेरी जेमतेम जिंकलो. मधल्या सुट्टीत जिन्यात जाऊन बायकोला फोन लावला.

"मागच्या रविवारी मी किती वाजता घरी आलो?"

"का रे?"

"सांग ना."

"चारला. हातपाय धुतलेस आणि तिच्यासमोर बसलास. तिने तिचा तो प्राण्यांचा डेक काढला. दोन तास खेळत होतात." तिचा आवाज मऊ झाला. "किती दिवसांनी हसली ती. मी मुद्दामच विषय काढला नाही, म्हटलं, दृष्ट नको लागायला."

"मग?"

"मग सहाला बाहेर गेलास. आणि आठला आलास ते तोंड वाकडं करून. पोर डाव मांडून वाट बघत होती, तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाहीस."

हे शेवटचं मला आठवत होतं. मांडलेली कार्डं दिसली होती. मला वाटलं, एकटीच खेळतेय.

जिन्याचा कठडा हाताला गार लागत होता. मला भीती वाटली, पण तिच्याआधी मत्सर वाटला, हे कबूल करतो. माझ्या मुलीला कुणीतरी हसवलं होतं आणि तो मी नव्हतो.

अंतिम फेरीत समोर एक निवृत्त ग्रंथपाल बाई होत्या. तोंडातल्या तोंडात कार्ड वाचून मगच खेळणाऱ्या. त्यांना हरवणं म्हणजे हातचा मळ. माझ्या दोन दलदली पडल्या होत्या, तिसरी हातात होती. आणखी एक कार्ड ओढलं.

'विहीर.'

दोन्ही खेळाडूंनी एकेक कार्ड घ्यावं, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. समोरच्याची तहान भागवणारं भिकार कार्ड. माझ्या डेकमध्ये ते नव्हतं. माझ्या घरातही नव्हतं.

सकाळी मी साठ कार्डं दोनदा मोजली होती. चार दलदली एकीखाली एक ठेवून बघितल्या होत्या.

"खेळा ना," ग्रंथपाल बाई हळूच म्हणाल्या. "मागच्या वेळी ह्याच कार्डाने मला वाचवलंत."

माझ्या हातातल्या कार्डाची फक्त पाठ त्यांच्याकडे होती.

तेवढ्यात ताई आल्या. दोन्ही डेक घेतले, मोजले. माझी साठ भरली. तीन दलदली, एक विहीर.

"आजच्या यादीशी जुळत नाही हो."

त्यांनी खणातून दुसरा कागद काढला. बोट एकेका ओळीवरून खाली नेलं.

"हिच्याशी तंतोतंत जुळतो."

खाली माझी सही होती. अक्षरही माझंच, फक्त सावकाश काढलेलं. मी त्यात खोट शोधत राहिलो. खोट सापडली नाही.

"नियम आहे, काय करणार?" ताई म्हणाल्या. "रविवारी नवा हंगाम सुरू होतोय, या परत. मागच्यासारखे या."

चषक ग्रंथपाल बाईंना मिळाला. टाळ्या वाजल्या. मी त्या थांबायच्या आत निघालो.

घरी पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. जिन्यात उन्हाचा पट्टा होता. किल्ली खिशातच होती, पण दारापाशी आलो आणि आतून कार्डं पिसल्याचा आवाज आला.

मग मुलीचं हसू.

"बाबा, तुझी पाळी!"

कुणीतरी उत्तर दिलं. फोनवर रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज ऐकला की जसा परका वाटतो, तसा.

मला किल्ली लावायचा धीर झाला नाही. मी घंटी वाजवली.

आत सगळं थांबलं.

"बस तू, मी बघते," बायको म्हणाली.

पावलं दारापर्यंत आली. दारावरच्या भिंगातला उजेड गेला. ती माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं. 'मी आहे' एवढंच म्हणता आलं असतं.

"आई, कोण आहे गं?"

भिंगातला उजेड परत आला.

"कुणी नाही. खेळा तुम्ही."

मग तिने आतून कडी लावली, अगदी अलगद, मला ऐकू येऊ नये अशी.