कन्व्हर्टर सुरू होईना

बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या एका अरुंद दुकानात उत्कर्षा शिरली ती भांडायच्या तयारीनंच. मालक जेवायला घरी गेले होते. काउंटरवर त्यांचा पुतण्या होता, शौनक.

"तुमचा माल खराब आहे. कन्व्हर्टर सुरूच होत नाही."

"बघू," तो शांतपणे म्हणाला.

उत्कर्षा वाशीमची. वारज्यातल्या एका छोट्या कंपनीत ती नवजात बाळांचा श्वास मोजणारं यंत्र तयार करत होती. सोमवारी ते डॉक्टरांना दाखवायचं होतं, आणि त्याला हवी तशी वीज करून देणारा कन्व्हर्टर तिनंच निवडला होता.

शौनकनं तिचा बोर्ड जोडला. दिवा लुकलुकला... विझला... पुन्हा लुकलुकला. मग वीज बंद करून त्यानं आउटपुटवरचे, वीज साठवणारे तीन कपॅसिटर काढले, पुन्हा बटण दाबलं. दिवा स्थिर तेवत राहिला.

त्यानं सांगितलं, की रिकामे कपॅसिटर सुरुवातीला इतका करंट ओढतात, की पुढे शॉर्ट झालंय असं वाटून कन्व्हर्टर स्वतःला बंद करतो. किती कपॅसिटर त्याला झेपतात, ते डेटाशीटमध्ये, म्हणजे त्याच्या माहितीपत्रकात, दिलेलं असतं. तिनं व्होल्ट पाहिले होते, वॉट पाहिले होते. ती ओळ राहून गेली होती.

"पान चार," तो म्हणाला. "पुण्यात राहायचं तर सूचना वाचाव्या लागतात."

तिला हसू आलं, आणि लगेच डोळेही भरून आले. कंपनीतल्या साहेबांना काय सांगणार होती ती?

त्यानं खिशातलं पेन काढलं. "माल सदोष होता, असं लिहून देतो."

"नको," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

साहेब तासभर रागावले, मग उपाय विचारू लागले. कपॅसिटर कमी केले की वीज अस्थिर होऊन मोजमाप थरथरायचं. तेव्हा जास्त कपॅसिटर झेपणारा कन्व्हर्टर शोधणं आलं. शनिवार-रविवार ती आणि शौनक दुकानात एकेक लावून पाहत बसले. बाहेर पाऊस, आत चहा... आणि अधूनमधून उगाच भिडणारी नजर. चौथा कन्व्हर्टर पहिल्याच झटक्यात सुरू झाला.

सोमवारी यंत्र चाललं. संध्याकाळी ती ते सांगायला आली.

"फोन केला असतात तरी चाललं असतं," शौनक म्हणाला.

"हो. चाललं असतं."

त्यानं काउंटरवरचं पेन खिशात ठेवलं. "त्या दिवशी मी खोटं लिहून द्यायला निघालो होतो. आमच्या दुकानात असं कधी कुणी केलं नाही. का, ते तुम्ही विचारलंच नाहीत."

"आता विचारते."

"तुम्ही रडू नये म्हणून. आणि तुम्ही नको म्हणालात ना, तेव्हापासून मी—"

तो थांबला. समोरच्या थांब्यावर तिची कर्वेनगरची बस येऊन लागली होती.

"वाक्य पूर्ण करा," ती हळूच म्हणाली.

त्यानं ते पूर्ण केलं, आणि तिनं बस जाऊ दिली.