कोयंड्यातली चिंधी

उंबऱ्यावर पडलेली ती निळी चिंधी दिसली आणि रुद्राणीनं हातातला डबा तिथंच खाली ठेवला... कुणीतरी कात्रीनं कापून फेकली होती ती! वर मागच्या दाराच्या कडीत भलंमोठं कुलूप लटकत होतं, आणि आतून मशिनींची घरघर ऐकू येत होती. आत तिच्या सगळ्या बायका होत्या!

उदगीरचा हा गणवेशाचा कारखाना तिनंच उभा केला होता. वेळेवर मजुरी, हक्काची सुट्टी, आणि कामाच्या वेळी मागचं दार कधी लागायचं नाही, हे तिचे नियम. म्हणूनच पहिल्याच दिवशी तिनं कोयंड्याला चिंधी घट्ट गुंडाळली होती, म्हणजे कडी बसूच नये. बायका येता-जाता त्या चिंधीला हात लावून कपाळाला लावत. वहिनींचा कसला तरी नवस असेल, असं त्यांना वाटे. रुद्राणीनं खरं कधी कुणाला सांगितलं नाही.

दिवाळीपासून कारभार तिनं दिराच्या, दयानंदच्या हाती सोपवला होता. पोटच्या पोरासारखा वाढवलेला दीर! पण तिचा नवरा व्यंकट गेल्यापासून तो तिच्याशी तुटकच वागे. दादाच्या तापात वहिनीनं वेळेवर दवाखाना केला नाही, हे त्यानं मनात धरलं होतं... आणि तीही ते निमूट सोसत आली होती.

दयानंद समोरून येताना दिसला. ती त्याच्याकडे धावली.

"दया, कुलूप काढ!"

"वहिनी, तुमचा नवस देव्हाऱ्यात ठेवा. आज ऑर्डर जायची हाय, अन् बायका सारख्या बाहेर पळायल्यात. पुढचं दार हाय की!"

"पुढच्या दारात गठ्ठे रचलेत रे..."

तेवढ्यात आतून किंकाळी आली.

"भाभी! धूर यायलाय!" इस्त्रीवरच्या बेगमबीचा आवाज होता तो. लगेच दारावर धडाधड हात बसू लागले. रुद्राणी वेड्यासारखी कुलूप ओढू लागली, नखं तुटली तरी तिला कळलं नाही... दयानंदच्या हातातला जुडगा खाली पडला, चुकीची किल्ली लागली, पुन्हा चुकीची... आणि एकदाचं कुलूप निघालं!

खोकत, रडत बायका बाहेर आल्या. रुद्राणी एकेकीच्या तोंडावरून हात फिरवत होती. सगळ्यात शेवटी बेगमबी आली, हातात जळकी बाही घेऊन.

"इस्त्री राहिली वर... विझवलं म्या."

दयानंदनं सुटकेचा श्वास टाकला. "हात्तिच्या! एका बाहीसाठी एवढा गोंधळ?"

रुद्राणी मटकन उंबऱ्यावर बसली.

"त्या दिवशीबी आधी एवढंच असंल, दया... तुझा दादा तापानं गेला न्हाई रे! तुझ्या कॉलेजसाठी, तुला न कळवता तो परमुलखात शिलाईच्या कारखान्यात राबत होता. तिथं आग लागली, अन् मालकानं मागच्या दाराला कुलूप घातलं होतं..."

दयानंदचा चेहरा पांढराफटक पडला. "अन् मला ताप सांगितला?"

"नांदेडला तुझी परीक्षा चालू होती. तू येईस्तोवर सगळं उरकलं होतं. खरं कळलं असतं, तर माझ्यापायी दादा गेला म्हणून तू जन्मभर जळला असतास. त्यापरीस माझ्यावर राग धर, म्हटलं..." तिनं चिंधी उचलून छातीशी धरली. "ही त्याच्याच शर्टाची हाय. घरी ठेवून गेलता."

"वहिनी!" तो तिच्या पायांवर कोसळला. इतक्या वर्षांचा तो राग, ते टाकून बोलणं... सारं त्याच्या हुंदक्यांतून वाहू लागलं! "मी तुमाला काय काय बोललो! अन् आज तर मी... मी त्याच मालकावानी..."

"ऊठ, बाळा. दार उघडलंस ना तू!"

त्यानं चिंधी पुन्हा कोयंड्याला गुंडाळली. मग पुढच्या दारातले गठ्ठे स्वतः उचलले, आणि मालकाची खुर्ची आणून मागच्या दाराच्या कडेला, आतल्या बाजूला मांडली.

"आजपासून माझी जागा इथं, वहिनी. हे दार लागलं, तर आत मीबी असंन."

संध्याकाळी घरी जाताना प्रत्येक बाई चिंधीपाशी थांबली. आता साऱ्यांना ठाऊक होतं. रुद्राणी मात्र रोज दार ढकलून, कडी बसत नाही ना हे पाहूनच निघायची... आज तिनं दार ढकलून पाहिलं नाही. खुर्चीवर बसलेल्या दयाकडे एकदा बघितलं आणि ती घराकडे निघाली.