हृदयाचे फोटो

"श्वास घ्या… सोडा… आता रोखा," मशीनमधल्या स्पीकरवरून आवाज आला. मी रोखला. पुढचं काही येईचना!

बाहेर आल्या आल्या मी कडाडले, "जीव घ्यायला बसलाय का इथे?"

मशीनवाल्या बाईंच्या शेजारी, माइक हातात धरून एक चष्मेवाला उभा होता — कानकोंडा झालेला. "सॉरी… तुमच्या हृदयाचा फोटो इतका छान येत होता, की…"

"की फोटोपायी मी गेले असते!"

तो हसला. मलाही झक मारत हसावं लागलं.

माझा आजार जन्माचा. अर्धा आईकडून, अर्धा बाबांकडून. अंगात रक्त टिकत नाही, सारखं दुसऱ्याचं चढवावं लागतं, आणि त्यातलं लोह हृदयात साचत जातं. तो चष्मेवाला संगणकाला असे हजारो फोटो दाखवून शिकवत होता — कुणाचं हृदय पुढे थकणार, ते आधीच ओळखायला.

"म्हणजे ज्योतिषीच की," मी म्हणाले.

"ज्योतिषी सुखी असतात हो. आमचं चुकलं तर बोलणी खावी लागतात."

मग मला रक्त चढवायच्या दिवशी तो हटकून वॉर्डात डोकवायला लागला. बाहेर मळभ, आत स्पिरिटचा वास… आणि मी मात्र केस नीट करून बसलेली! अहो-जाहो कधी गळालं, कळलंच नाही. आईच्या लक्षात आलं होतं. तो आला की ती मुकाट्याने बाहेर जायची.

त्याच्या संगणकाचा निकाल मला डॉक्टरीणबाईंनी सांगितला. त्यांनी आवाज मऊ केला तेव्हाच मी काय ते समजले.

पुढच्या वेळी तो आला, तर मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मी रक्त तपासून घेतलं," तो खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाला. "तुझा आजार माझ्या रक्तात नाही. जरासुद्धा नाही."

"मग मी काय करू?"

"लग्नाआधी… बघतात ना, म्हणून…"

मेल्याने मागणी घातली, तीही रिपोर्ट सांगून!

"तुझ्या संगणकाने मला धोक्याच्या यादीत टाकलंय. माहितीये?"

"नाही… आम्हाला नावं दिसत नाहीत." त्याचा चेहरा पडला. "त्याचं भाकीत चुकू नये म्हणून रात्रीचा दिवस केला मी. आता चुकावं असं वाटतंय."

"आणि नाही चुकलं तर?"

"तर औषधं आत्तापासून वाढवायची. आणि लग्न लवकर करायचं."

मला रडूच फुटलं. मरण मला लहानपणापासून ओळखीचं. त्याची भीती अशी कधी वाटलीच नव्हती. आज वाटली, आणि सुई नसलेल्या हाताने मी त्याचा हात घट्ट धरून ठेवला.