उरलेल्या चार ओळी

त्या दुपारी बाळ्या बसला होता तो फक्त एका सैल तारेला सोल्डर मारायला. रेडिओ दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली, साठी उलटली, तरी थोरल्या बहिणीने ठेवलेलं ते नाव काही सुटलं नव्हतं. आता त्या नावाने हाक मारणारी ताईच चार महिन्यांपूर्वी गेली होती.

समोर लाकडी पेटीतला घरी बनवलेला सिंथेसायझर होता. त्यातल्या चिपला आकडे भरवायचे: सोळा ओळी, ओळीत सोळा आकडे. चिप तेच आकडे भराभर, पुन्हा पुन्हा वाचत राहते आणि त्यातून सूर निघतो. एक आकडा चुकला की सुरात खडा. म्हणून ताई समोरच्या खुर्चीत बसून आकडे वाचायची आणि हा टाइप करायचा. ती गणिताची मास्तरीण, त्यामुळे शिस्त कडक. प्रत्येक ओळ संपली की ती मोठा श्वास घ्यायची, आणि याने मान वर केली की ओरडायची, "खाली बघ! वर बघितलंस की चुकतोस."

ताईला रेकॉर्डिंगचा भारी तिटकारा. तिचा आवाज घरात कुठेच नव्हता. एकदाच ती माइकसमोर "आ" म्हणाली होती आणि स्क्रीनवर उमटलेली रेघ तिने स्वतः आलेखाच्या कागदावर उतरवून घेतली होती. "हे रेकॉर्डिंग नाही, गणित आहे," म्हणाली. त्या रेघेवरून आकडे वाचून बारा ओळी टाइप झाल्या आणि या शहाण्याने तापलेली सोल्डरिंग गन नेमकी त्याच कागदावर टेकवली. शेवटच्या चार ओळींचा तुकडा जळून गेला. "राहू दे रे, पुन्हा काढू," ताई म्हणाली. पण त्याच आठवड्यात ती गेली.

आता तो आवाज त्याला आठवेनासा झाला होता. शब्द आठवत, आवाज नाही. याच गोष्टीने त्याची झोप उडाली होती.

तार जोडून झाल्यावर त्याने सिंथेसायझरची पट्टी दाबली. बारा ओळींचा सूर घशात काही अडकल्यासारखा घरघरला. त्याने अंदाजाने आकडे घालून पाहिले. घरघर वाढली. बाहेर आभाळ भरून आलं होतं, खोलीत सोल्डरमधल्या जळक्या राळेचा वास कोंडला होता. त्याने हताश होऊन अंदाजाचे आकडे पुसले.

"एकशे एकेचाळीस..."

बाळ्याची बोटं गारठली. आवाज समोरच्या खुर्चीतून आला होता.

"एकशे अडतीस... लिही ना..."

मान वर करायची त्याची छाती झाली नाही. बोटं मात्र सवयीने चालू लागली. सोळा आकडे झाले. मग मोठा श्वास. पुढची ओळ. पुन्हा श्वास. चौथ्या ओळीपाशी त्याला राहवलं नाही.

"ताई... तूच ना?"

"खाली बघ..."

शेवटचा आकडा पडला. खुर्ची करकरली. बऱ्याच वेळाने त्याने वर पाहिलं, तेव्हा खुर्ची रिकामी होती.

त्याने पट्टी दाबली. घरघर नव्हती, खडा नव्हता. "आ..." तीच. किंचित सर्दी झाल्यासारखी, मास्तरी थाटाची, त्याची ताई. बाळ्या लहान मुलासारखा रडला. एवढी वर्षं ती त्याच्यासाठी आकडे वाचत बसली आणि त्याने कधी साधे आभार मानले नव्हते. मानले असते तर तिनेच झापलं असतं.

"ताई, तुझे फार उपकार आहेत गं माझ्यावर," तो मोठ्याने म्हणाला.

पट्टी दाबलेलीच होती. चिपला थांबणं माहीत नसतं. बोट आहे तोवर ती तेच आकडे वाचत राहते. पण सूर थांबला. स्पीकरमधून एक मोठा श्वास ऐकू आला आणि "आ..." पुन्हा सुरू झालं.

बाळ्याने पट्टीवरचं बोट काढलं नाही.