पांढऱ्यावर पांढरं

आमच्या रुग्णवाहिका केंद्रात बोलण्यापेक्षा लिहिण्यावर भर. वायरलेसवर खरखर फार. ‘सतरा’चं ‘सत्तर’ ऐकू आलं आणि गाडी भलत्याच घरासमोर जाऊन उभी राहिली, तर माणूस हातचा जातो. म्हणून प्रत्येक गाडीत एक टॅब, आणि माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चॅट.

चॅटचा प्रोग्राम इतका जुनाट की अक्षर ठळक करायला त्यात बटण नाही. कंट्रोल दाबून बी मारलं की पुढचं सगळं ठळक. के मारून आकडा दिला की त्या आकड्याचा रंग. ओ मारला की सगळं पुन्हा साधं. हे कोड स्वतः दिसत नाहीत, त्यांचा परिणाम तेवढा दिसतो. तातडीचा पत्ता मी लाल आणि ठळक पाठवायची. बाई आज तापल्यात, असं ड्रायव्हर आपसात म्हणायचे.

सहा नंबरची गाडी माझ्या धाकट्या दिरांकडे होती. लिहायचा त्यांना भारी कंटाळा. ‘पोहोचलो’, ‘घेतलं’, ‘सोडलं’, एवढ्यावर त्यांची पाळी उरकायची.

एका दुपारी त्यांचं ‘घेतलं’ आलं आणि त्यापुढे दोन ओळी मोकळ्या सुटल्या. बोट चुकून पडलं असेल म्हणून मी सोडून दिलं. काही दिवसांनी पुन्हा तसंच झालं. या वेळी मी त्या मोकळ्या जागेवरून माऊस ओढला. निळ्या पट्ट्यात अक्षरं उमटली. पांढऱ्या पडद्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेली.

‘थंडी वाजतेय. काच लावा.’

मी वायरलेसवर दिरांना विचारलं. मागची काच खरंच उघडी राहिली होती. पण टॅबवर आपण एकच शब्द लिहिला, असं ते म्हणाले. पेशंट उचलला तेव्हापासून बेशुद्ध होता. आणि टॅबला कंट्रोलची कळच नव्हती.

तो पेशंट दवाखान्याच्या दारातच दगावला.

आमचे कॉम्प्युटर बघणारे गृहस्थ थंड डोक्याचे. त्यांनी तो निरोप कोडसकट उघडून दाखवला. मजकुराआधी रंग शून्यचा, म्हणजे पांढऱ्याचा, कोड होता. शेवटी तो बंद करणारा कोड मात्र नव्हता.

“कुणीतरी सुरू केलंय,” ते म्हणाले, “आणि संपवलेलं नाही.”

टॅबमध्ये बिघाड असेल म्हणून त्यांनी तो बदलला. मोकळ्या ओळी येतच राहिल्या.

‘माझा चष्मा पायांपाशी पडलाय.’ हे आलं त्या दिवशी गाडीत एक म्हातारी होती. अर्धांगानं तिची वाचा कधीच गेली होती. दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा सामान न्यायला आला आणि चष्मा कुठे दिसेना म्हणाला. मी त्याला गाडीत स्ट्रेचरच्या खाली बघायला सांगितलं. एक भिंग फुटलेला चष्मा घेऊन तो आला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी नजर वळवली.

जे वाचले, त्यांच्या खेपेला मोकळी ओळ कधी आली नाही. हे ध्यानात आल्यावर मला डॉक्टरांच्या आधी कळू लागलं. नातेवाइकांचा फोन आला की मी सांगायची, गाडी जोरात निघालीये. खोटं नव्हतं ते.

घरी मी यातलं अवाक्षर काढलं नाही. दिरांना तर नाहीच. गाडी त्यांनाच चालवायची होती.

मग एका सकाळी पेशंटला सोडून त्यांनी परतीचा निरोप टाकला. ‘रिकामा निघालो.’

त्यापुढे एक ओळ मोकळी होती.

गाडीत दुसरं कुणी नव्हतं. माझा हात माऊसकडे जाईना. शेवटी ओढला.

‘वहिनी, पाणी आत येतंय.’

मी वायरलेस उचलला. ते लगेच बोलले, नेहमीच्याच आवाजात.

“बोला वहिनी.”

“भाऊजी, गाडी थांबवा. आत्ताच्या आत्ता.”

“पुलावर आहे. उतरलो की थांबतो.”

पुढे नुसती खरखर.

गाडी कठडा तोडून कालव्यात गेली होती. अग्निशमनवाले पोहोचले तेव्हा दीर काठावर बसलेले. कपडे ओले, अंगावर ओरखडा नाही. संध्याकाळी क्रेननं गाडी वर काढली. तिचे दरवाजे आतून लावलेले होते आणि काचा सगळ्या शाबूत. ते बाहेर कसे आले, हे विचारायचं धाडस आमच्यापैकी कुणाला होईना. माणूस परत आला होता. माझा नवरा एरवी दगडासारखा, तोही त्यांच्या गळ्यात पडून रडला. सासूबाई त्यांचा हात सोडेनात. किती गार पडलाय रे, एवढंच म्हणत होत्या.

गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर साहेबांनी त्यांना फोनवर बसवलं. माझ्याच खोलीत, भिंतीकडे तोंड करून. टेबलावर फोन आणि पाण्याचा पेला, बाकी काही नाही. काम ते नीट करायचे. पूर्वीपेक्षा नीट.

सहा नंबरचा टॅब पाण्यानं गेला होता. चॅटमधून त्या गाडीचं नावही काढून टाकलेलं.

तरी एका दुपारी ते नाव पडद्यावर आलं. पुढे कोरी ओळ.

‘वहिनी, अंधार आहे. दार उघडत नाही.’

मी मान वर केली. दीर पाठमोरे बसून कुणाला तरी पत्ता विचारत होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं. ‘हाका मारतोय. कुणी ऐकत का नाही?’

त्यानंतर रोज. ओळी लांबत गेल्या. त्यांतलं बोलणं माझ्या दिरांचंच होतं. शब्दांची ठेवण तीच, चिडणं तेच.

काल मला राहवलं नाही. मी कंट्रोल दाबून के मारलं, शून्य दिलं आणि पांढऱ्यावर पांढरं लिहिलं. ‘भाऊजी, कुठे आहात?’

निरोप गेला. पडदा कोराच दिसत होता.

पलीकडे दिरांनी बोलता बोलता फोन खाली ठेवला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

“वहिनी,” ते मायेनं म्हणाले, “त्याला उत्तर देऊ नका.”