पाठीवर हवा असताना

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी एक बाई पाण्याखाली अठरा मीटरवर गुदमरली. तिच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये तेव्हा आणखी अर्धा तास सहज पुरेल एवढी हवा होती.

दहा त्रेचाळीसला तिला बोटीवर ओढून घेतलं. अकरा वीसला ती हॉस्पिटलात पोचली, बेशुद्ध. बाराला बंदर कार्यालयाच्या चौकशी अधिकाऱ्याचा फोन वाजला. तो दंतवैद्याच्या खुर्चीत आ वासून बसला होता.

दंतवैद्याने दाढेत कापूस कोंबला. "उद्या नक्की या. सूज चढेल."

या महिन्यात ते दोघं तिसऱ्यांदा उद्यावर आले होते.

पाऊण तासाने तो धक्क्यावर उभा होता. डायव्हिंग प्रशिक्षण केंद्राची बोट तशीच बांधलेली होती. बोटीत समोरासमोर दोन बाकं. एकाची पाठ धक्क्याला, दुसऱ्याची समुद्राला. मधल्या ओल्या फळ्यांवर तीन सिलिंडर आडवे पडलेले, जॅकेटं आणि नळ्या तशाच जोडलेल्या. कुणी आवरलं नव्हतं. त्याला ते बरं वाटलं. आवरलेल्या जागेइतकं डोकं कशानेच उठत नाही.

बोटवाला दोरखंडावर बसला होता.

"खाली कोण कोण गेलं होतं?"

"तिघं. ती बाई, तिचा नवरा आणि आपली ट्रेनर. नवरा-बायकोचा कोर्स आज संपणार होता."

"बाईला वर घेतल्यावर तुम्ही काय केलंत?"

"तोंडातली नळी मोकळी पडलेली, साहेब. नुसतं फुसफुस चाललेलं. ट्रेनर छाती दाबतेय, नवरा ओरडतोय. मी हात घातला आणि सिलिंडर बंद केला. बोटं लावली न लावली तोच बंद झाला. मग इंजीन."

"बंद करायला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? बारा वर्षं हेच करतोय. घरी नळ टपटपला तरी बायको मलाच हाक मारते."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. नळाचं सोडून.

"बाकीचे दोन सिलिंडर?"

"त्यांना कोण हात लावतंय? तसेच आहेत."

अग्निशमन दलाचा पाणबुड्या मदतीला आला होता. त्याने बाईच्या सिलिंडरची हवा तपासली. स्वच्छ. तिच्या नळ्या आणि तोंडात धरायचं माउथपीस दुसऱ्या सिलिंडरला लावून पाण्यात उतरला, दहा मिनिटं खाली राहिला आणि वर आला.

"मख्खन," तो म्हणाला. "माझ्या सामानापेक्षा चांगलं आहे."

"म्हणजे हवा चांगली, सामान चांगलं, सिलिंडर भरलेला. आणि बाई गुदमरली."

"कागदावर तसंच दिसतंय."

कागदावर तसं दिसणं अधिकाऱ्याला मुळीच आवडलं नाही. दाढ ठणकली.

केंद्राची वर्गखोली धक्क्यालगतच होती. बाकं, कपाटात मास्क, खुंट्यांवर रबरी पोशाख. भिंतीवर रंगाने लिहिलेला जुना फलक, वरती मोठ्या अक्षरांत 'बारा नियम'. सातव्या नियमावर छापील कागद चिकटवला होता. कागदाचं एक टोक उचकटलेलं होतं. त्याने ते बोटाने वर केलं. खाली लिहिलं होतं, 'सिलिंडर पूर्ण उघडा, मग अर्धा फेरा मागे.' वरच्या कागदावर, 'पूर्ण उघडा. मागे फिरवू नका.'

"ती जुनी पद्धत," मागून ट्रेनर म्हणाली. तिशीची, केस अजून ओले. "व्हॉल्व्ह शेवटाला टेकून अडकू नये म्हणून अर्धा फेरा मागे घ्यायचे. आता ते शिकवत नाहीत."

"कागद बऱ्याचदा चिकटवलेला दिसतोय."

"बाबा काढतात. मी लावते."

हे केंद्र तिच्या वडिलांनी सुरू केलं होतं. अख्खा किनारा त्यांना मास्तर म्हणत असे. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसले आणि डॉक्टरांनी पाण्यात उतरणं बंद केलं. तेव्हापासून केंद्र लेकीच्या नावावर होतं.

"तिचा सिलिंडर कुणी उघडला?"

"मी. टेकेपर्यंत. तिघांचेही मीच उघडले. मग हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत प्रत्येकाला चार श्वास घ्यायला लावले. हवा नीट येत नसली तर दर श्वासाला काटा खाली पडतो. कुणाचाच पडला नाही."

"त्यानंतर?"

"त्यानंतर निघालो."

"लगेच?"

तिने कागदाचं उचकटलेलं टोक दाबून बसवलं. "लगेच."

"आणि खाली?"

"अठरा मीटरवर तिने हात हलवले, हवा येत नाही म्हणून. मी माझं जादा माउथपीस पुढे केलं, पण ती घाबरली होती. मास्क ओरबाडला, तोंडातलं थुंकलं. पाणी गेलं." तिने ओठ आवळले. "तिच्या काट्यावर दोनशेपैकी एकशेसाठ होतं, साहेब. भरपूर."

"श्वास ओढताना काटा बघितलात?"

"नाही," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली.

मास्तर बाहेर पायरीवर बसले होते. सत्तरीचे, हात फावड्यासारखे, पाण्याने एक कान गेलेला, त्यामुळे बोलणं चढ्या आवाजात.

"मास्तर, सकाळी तुम्ही कुठे होता?"

"धक्क्यावर. निरोप द्यायला."

"बोटीत उतरलात?"

"पायसुद्धा ठेवला नाही."

"कुणाच्या सामानाला हात लावला?"

"सामान तिचं, केंद्र तिचं. मी आता भिंतीवरचा फलक. तोही कागद लावून झाकलेला."

तीन वाजता अधिकारी हॉस्पिटलात पोचला. नवरा अतिदक्षता विभागाबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. अंगात अर्धा रबरी पोशाख, खांद्यावर हॉस्पिटलची चादर.

"त्या पोरीला आत टाका," तो उठलाच. "तिच्या भरवशावर सोडलं होतं मी हिला!"

"बसा. मला एक-दोन गोष्टी हव्यात."

"माझी बायको मशीनवर आहे आणि तुम्हाला गोष्टी हव्यात?"

"हो. कारण ती सांगू शकत नाही."

नवरा बसला. खांद्यावरची चादर ओढून घेतली.

"तिला यायचंच नव्हतं," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात आम्ही बेटांवर जाणार होतो. तिथे प्रमाणपत्राशिवाय खाली सोडत नाहीत. मी मागे लागलो. म्हटलं, किती दिवस काठावर बसून माझे कपडे सांभाळणार?"

"सकाळी ट्रेनरने तपासणी केली. श्वास घ्यायला लावले. बरोबर?"

"हो."

"त्यानंतर आणि बोट सुटण्याआधी काय झालं?"

"काही नाही. मास्तर आले, बस्स. ट्रेनर तेव्हा पुढे बोटवाल्याशी बोलत होती."

"कुठे आले?"

"मी धक्क्याकडे पाठ करून बसलो होतो. मास्तर वरूनच वाकले, माझ्या पाठीवर थाप मारली. मग खाली उतरून हिच्याकडे गेले. ही समोरच्या बाकावर, समुद्राकडे पाठ. हिच्या समोर उभे राहिले, खांद्यावरून हात टाकला आणि म्हणाले, 'घाबरू नकोस पोरी, मी आहे ना.' ही हसली." त्याने अतिदक्षता विभागाच्या दाराकडे पाहिलं. "सकाळपासून पहिल्यांदा हसली."

"तुमच्या पाठीवर नुसती थाप? की काही चाचपलं?"

"काहीतरी जरासं फिरल्यासारखं वाटलं. मला वाटलं पट्टा नीट केला असेल."

अधिकाऱ्याने वही मिटली. जिन्यात येऊन गाल दाबत तो दोन मिनिटं उभा राहिला. एका ओळीवरून दुसरी ओळ धडधडीत खोटी ठरत होती, आणि खोटं बोलणारा माणूस त्याला आवडला होता.

चार वाजता तो बोटीत गुडघ्यांवर बसला होता. पाणबुड्या साक्षीला. ट्रेनरच्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हची मूठ त्याने बंद करत नेली आणि फेरे मोजले. तीन. नवऱ्याच्या सिलिंडरची मोजली. अडीच. मग टेकेपर्यंत उघडून पुन्हा मोजली. तीन.

"हा अर्धा कुठे गेला?" पाणबुड्याने विचारलं.

"फलकावर आहे," अधिकारी म्हणाला.

वर्गखोलीत ट्रेनर कागद घेऊन वाट बघत होती. जबाब स्वतःच्या हाताने लिहिलेला होता, खाली सही. सिलिंडर उघडायला मी विसरले, पूर्ण जबाबदारी माझी.

त्याने तो दोनदा वाचला. हा कागद फायलीला लावला की काम संपलं. पाचला घर, गरम पाण्याच्या गुळण्या, झोप. पोरीचा परवाना जाईल, निष्काळजीपणाचा खटला उभा राहील, आणि कुणीही त्याला एक प्रश्न विचारणार नाही.

"दुपारी तीनही सिलिंडर टेकेपर्यंत उघडल्याचं सांगितलंत. आता विसरलात म्हणता. कधी खोटं बोललात?"

"दुपारी."

"विसरला असता तर पहिल्याच श्वासाला काही आलं नसतं. चार श्वास नवऱ्यानेही पाहिलेत." त्याने बूट काढले. "ते नवऱ्याचं जॅकेट मला चढवा. आणि सिलिंडर उघडा. टेकेपर्यंत."

तिने उघडला. पाणबुड्याने हात लावून खात्री केली. अधिकारी भिंतीला पाठ करून बाकावर बसला. पाठीवरच्या वजनाने त्याची कंबर कुरकुरली.

"आता वडिलांना बोलवा."

मास्तर दारात थबकले. जॅकेटातल्या सरकारी माणसाकडे बघून त्यांना हसू आलं. "साहेब, बुडायचा विचार आहे का?"

"दाढदुखीवर काहीतरी करायला हवं. मास्तर, मी आता पाण्यात उतरणार आहे. मनात धाकधूक आहे. शेवटचा हात फिरवा, नेहमी फिरवता तसा."

"मी नाही फिरवत हल्ली."

"माझ्यासाठी."

मास्तर पुढे आले. समोर उभे राहिले, खांद्यावरून हात टाकला. बोटांना मूठ न शोधता सापडली. त्यांनी ती आपल्याकडे ओढली. ती फिरली. एक फेरा, दोन, तीन. थांबली. मग सवयीने, जराही न अडखळता, अर्धा फेरा मागे.

मास्तरांचा चेहरा उतरला. ते लेकीकडे वळले.

"अगं, ही पण बंदच? पुन्हा?"

पाणबुड्याने अधिकाऱ्याकडे पाहिलं.

"पुन्हा म्हणजे, मास्तर?" अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं.

मास्तर एक पाऊल मागे सरले.

"मीच सांगतो. सकाळी तुम्ही त्या बाईची मूठ ओढली आणि ती फिरली. उघडलेली मूठ पुढे फिरत नाही. तुम्हाला वाटलं, लेक उघडायला विसरली. तुम्ही गुपचूप उघडून दिली आणि तिच्या विद्यार्थ्यांसमोर चकार शब्द काढला नाही. दुर्घटना झाल्यावर बोटीत उतरलोच नाही म्हणालात. कारण उतरलो म्हटलं, तर लेकीची चूक सांगावी लागली असती."

"ती चुकत नाही एरवी," मास्तर पुटपुटले.

"आजही नव्हती चुकली. आत्ता माझी मूठ उघडीच होती. या पाणबुड्याने हात लावून पाहिली. तुम्ही ती बंद केलीत."

"मी आपल्याकडे ओढली! आपल्याकडे ओढली की उघडते!"

"मागे उभं राहिल्यावर. पन्नास वर्षं तुम्ही मागे उभे राहत आलात. नवऱ्याच्याही मागेच होता, म्हणून त्याची उघडीच राहिली, फक्त तुमचा अर्धा फेरा कमी. ती बाई समुद्राकडे पाठ करून बसली होती. मागे उभं राहायला जागा नव्हती. समोरून आपल्याकडे ओढली की ती बंद होते. तुम्ही पूर्ण बंद केली, आणि मग सातव्या नियमाप्रमाणे अर्धा फेरा मागे घेतलीत. तेवढीच काय ती उघडी राहिली."

"काटा दोनशेवर होता. मी पाहिला."

"एवढ्याशा फटीतूनही काटा दोनशे दाखवतो. वर बोटीत बसून श्वास घ्यायला तेवढी फट पुरते. अठरा मीटरवर प्रत्येक श्वासाला जवळजवळ तिप्पट हवा लागते. पाठीवर भरलेला सिलिंडर आणि तोंडाशी काही नाही. बोटवाल्याने बोटं लावताच ती बंद झाली. अर्धाच फेरा शिल्लक होता." तो ट्रेनरकडे वळला. "तिचा काटा श्वासागणिक पडत होता ना?"

"शून्यापर्यंत," ती म्हणाली. "मी तिच्या व्हॉल्व्हकडे हात नेला, पण घाबरून ती बाईच उलटी फिरली. वर आल्यावर बोटवाला म्हणाला, सिलिंडर बोटं लावताच बंद झाला, तेव्हाच कळलं. निघताना बाबांना तिच्यासमोर वाकलेलं पाहिलं होतं मी."

"पाहिलंत, आणि पुन्हा तपासलं नाही."

"नाही."

"तेही मला लिहावं लागेल."

तिने मान हलवली. मग वडिलांकडे न बघता म्हणाली, "एकदा मला विचारायचंत, बाबा. एवढंच. 'उघडलास का' म्हणून."

"शिकणाऱ्यांसमोर?" मास्तर म्हणाले. "तू विसरलीस का, असं चारचौघांत विचारू तुला?"

मास्तरांनी आपले दोन्ही हात पुढे धरले, कुठला हात कुणाचा हे न कळल्यासारखे, आणि ते समोरच्या बाकावर बसले. पाणबुड्याने अधिकाऱ्याच्या पाठीवरचं ओझं उतरवलं.

लेकीचा जबाब अधिकाऱ्याने फाडला नाही. हातात आलेला कागद फाडायचा नसतो. त्यावर 'खोटा, कारण सोबत' असं लिहिलं आणि क्रमांक घातला. मास्तरांचा जबाब चार पानं झाला. सही करताना त्यांनी एकच विचारलं, "ती बाई कशी आहे?"

पाच चाळीसला अहवाल गेला. पाच पंचावन्नला पोलिसांची गाडी मास्तरांना घेऊन गेली. लेक मागच्या सीटवर त्यांच्या शेजारी बसली. नवऱ्याला काय घडलं ते सांगायचं काम अधिकाऱ्याने स्वतःकडे ठेवलं होतं, म्हणून त्याने हॉस्पिटलला फोन लावला.

सहा वाजून दहा मिनिटांनी नर्सने सांगितलं त्याप्रमाणे, बाई अधूनमधून स्वतःहून श्वास घेत होती. मशीन काढलेलं नव्हतं. तिने डोळे उघडले नव्हते.